फौजी मिस्त्रीची शेवटची गाडी

"पापा, निघते मी. आज गणित."

रजनी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. हातात कंपासपेटी, वेणीला पांढरी फीत. आत यायची सोय नव्हती. क्रियेचा नववा दिवस होता आणि मातबरसिंग खालच्या खोलीच्या कोपऱ्यात, शेणाने आखलेल्या रेघेच्या आत, स्वतःपुरते तांदूळ निवडत बसला होता. डोक्याचं मुंडण, कपाळाला कफनाची चिंधी, अंगावर एक धोतर. आमच्या गढवालात बापाला अग्नी देणाऱ्याला तेरवीपर्यंत कुणी शिवत नाही आणि तोही कुणाला शिवत नाही. पोटची पोर असली तरी आशीर्वाद लांबूनच.

"नीट लिही," मातबर म्हणाला. "बस आली का?"

"बस कुठली! पुलापलीकडे दरड आलीय ना. जोतकाकाच्या जीपने पुलापर्यंत चाललोय. आम्ही नऊजण आहोत परीक्षेचे."

"जोतची जीप तर आपल्या वर्कशॉपवर उभी आहे."

"तीच की! आज काढली त्यांनी. म्हणाले, तेरवी होईपर्यंत हात लावणार नव्हतो, पण पोरांचं वर्ष जायला नको." एवढं बोलून ती पळालीसुद्धा. तिच्या चपलांचा आवाज पायऱ्यांवरून खाली रस्त्याकडे गेला.

मातबरच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले.

त्या जीपची किल्ली बाबांच्या बंडीच्या खिशात होती. नऊ दिवस तो हेच धरून बसला होता. बंडी आईच्या ट्रंकेत, किल्ली बंडीत, गाडी जागच्या जागी. तेरवी झाली की पहाटे उठू, खाली जाऊ, गुपचूप नवं रबर घालू, कुणाला काही कळायचं नाही. माणूस स्वतःला किती सोयीचं समजावतो बघा!

झालं होतं ते असं. जोतसिंगची जीप ब्रेकच्या कामाला आली होती. मास्टर सिलिंडरमधलं रबर फुगून मऊ झालेलं, ते बदलायचं. शहरातून येणारं नवं रबर काही आलं नाही, आणि जोतला दुसऱ्या दिवशी लग्नाचं भाडं होतं. मातबरने जुनंच रबर पुसून परत बसवलं. दोन दिवस तर निघतील, मग बदलू. पेडल दाबून बघितलं, घट्ट लागत होतं.

म्हातारा सतेसिंग कैंतुरा, एकाहत्तर वर्षांचा, निवृत्त हवालदार, दारातल्या स्टुलावर बसून होता. हात थरथरायला लागल्यापासून पाना त्याने मुलाच्या हाती दिला होता, नजर मात्र दिली नव्हती. गावाच्या लेखी हात अजून फौजी मिस्त्रीचाच होता.

"रबर नवं घातलंस ना?" त्याने विचारलं.

"घातलं."

त्या वर्कशॉपची एक रीत होती. काढलेला जुना भाग टिनाच्या डब्यात टाकायचा आणि गाडीवाल्याला दाखवायचा, म्हणजे काम झाल्याचा पुरावा. म्हातारा उठला, डब्यापाशी गेला, आत बघितलं. डबा रिकामा होता.  त्याने जीपची किल्ली काढून बंडीच्या खिशात टाकली आणि परत स्टुलावर बसला.

ते बघून मातबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर पकडला गेला की आधी ओरडतो, तसं झालं. "माझ्यावर भरवसा नाही ना? मग बसा स्वतःच गाडीखाली! अडतीस वर्षांचा झालो, अजून मी तुमचा हेल्परच!" असं म्हणून त्याने पाना आपटला आणि वरच्या शेताकडे निघून गेला. दुपारी चारला चुलतभाऊ धापा टाकत त्याला बोलवायला आला. म्हातारा स्टुलावरच गेला होता, भिंतीला टेकून.

आणि आता खाली रस्त्यावर जीपचं इंजिन सुरू झालं.

मातबर रेघेच्या आतच उभा राहिला. वरच्या अंगणात शोकाला आलेली वीसेक माणसं उन्हात बसली होती. चहा चालला होता आणि म्हाताऱ्याच्या आठवणी निघत होत्या, नऊ दिवस रोज निघत होत्या तशाच. आवाज सगळ्यात मोठा केशरमामाचा, आईच्या धाकट्या भावाचा.

"मामा!" मातबरने हाक मारली. "अहो मामा! जोतला किल्ली कुणी दिली?"

"मी!" मामा वरूनच अभिमानाने ओरडला. "भावोजींना आंघोळ घालताना बंडीच्या खिशात सापडली. म्हटलं, परक्याची चीज घेऊन माणूस चितेवर जायला नको. त्याच दिवशी जोतच्या हातात ठेवली. का रे?"

"ती गाडी जाऊ देऊ नका."

"का बरं?"

 काहीजण कठड्यावरून खाली वाकून बघायला लागले. मातबरच्या जिभेवर सगळं आलं होतं. जुनं रबर आहे, मी खोटं बोललो, बाबांना ते कळलं होतं, आणि मी त्यांच्यावर ओरडून निघून गेल्यावर ते गेले. चार वाक्यं. पण ही चार वाक्यं बोलल्यावर या गावात त्याच्याकडे सायकलसुद्धा कोण आणणार होतं? आणि बापाच्या मरणाला कारण कोण, याची कुजबुज कोण थांबवणार होतं?

"बाबांना... अजून एकदा बघायची होती ती," एवढंच तो म्हणाला.

"अरे वेड्या!" मामा हसला. "फौजी मिस्त्रीचा हात लागलेली गाडी आणि परत बघायची? चाळीस वर्षांत त्यांनी सोडलेली एक गाडी दरीत गेलीय का? डोळे मिटून बसावं माणसाने!"

"बस खाली, बेटा," थोरल्या काकांचा, पदमसिंगबोडांचा आवाज आला. गावात सगळे त्यांना बोडाच म्हणत. "क्रियेत मन असं भरकटतं. रामाचं नाव घे."

आणि परत आठवणी सुरू! मामाने लडाखची खिंड काढली. "त्यांच्या पलटणीत कायदाच होता. ज्याने गाडी दुरुस्त केली, त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. भावोजींना एकशे तीन ताप. साहेब म्हणाला, सतेसिंग, तू झोप. हे म्हणाले, साहेब, नट मी कसलाय, ड्रायव्हरने नाही. आणि बसले की जाऊन ट्रकमध्ये!"

"खिंड राहू दे," बोडा म्हणाले. "पोरीच्या लग्नात काय केलं याने? वऱ्हाडाच्या बसखाली झोपला! नवरदेव सासऱ्याच्या पाया पडायला शोधतोय, आणि सासऱ्याचे नुसते पायच बाहेर दिसतायत. तिथेच पाया पडला बिचारा."

अंगणात हशा पिकला. कुणीतरी डोळेही पुसले. मामा म्हणाला, "आणि आमची ताई आजारी पडली तेव्हा? सहा महिने खाटेवर. हा माणूस गाड्यांखालून उठायचा आणि तसाच पीठ मळायचा. नाचणीच्या भाकरीला डिझेलचा वास. विचारा मातबरला, खाल्ल्यात त्याने!"

खाल्ल्या होत्या. रोज संध्याकाळी बापाच्या मांडीवर बसून खाल्ल्या होत्या, आणि भाकरीला दुसरा वासही असतो हे त्या सहा महिन्यांत तो विसरूनच गेला होता.

खाली जीपचं दार लागलं. पोरांचा गलका झाला. जोतने हॉर्न दिला, पहिला गिअर पडला आणि आवाज हळूहळू दूर जायला लागला.

मातबर हिशेब मांडत राहिला, जसा घाबरलेला माणूस मांडतो. रबर टिकेलही. जोत सावकाश चालवतो. पण अकरा वळणं आहेत पुलापर्यंत. पहिली तीन साधी आहेत. नऊ दिवस गाडी उभी होती, ब्रेकचं ऑइल झिरपलं असेल. अकरा पोरं... नाही, नऊ पोरं. त्यात रजनी.

चौथं वळण. त्याच्या खाली काहीच नाही, थेट नदी.

तो रेघ ओलांडून बाहेर आला.

"अरे! अरे, उठला!" वरून कुणीतरी किंचाळलं. "क्रियेतला माणूस उठला! धरा त्याला!"

पण धरणार कोण? शिवायचं नाही ना! बोडा काठी टेकत पायऱ्यांच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. मातबर सरळ त्यांच्यावर चालून गेला, तसे तेच घाईघाईने अंग चोरून बाजूला झाले. दोघा तरण्या पुतण्यांनी हात पसरले आणि तो जवळ येताच चटका बसल्यासारखे मागे घेतले. एरवी चौघांनी मिळून त्याला आवळून धरलं असतं. आज त्याचा रस्ता आपोआप मोकळा होत गेला.

"मातबर!" मामा कळवळून ओरडला. "बापाचा आत्मा अधांतरी राहील रे!"

 मातबरचे पाय थांबले नाहीत.

रस्ता डोंगराला वळसे घालत उतरतो, पायवाट मात्र सरळ खाली पडते. आमच्याकडची बाईमाणसं गवताचे भारे घेऊन ही पायवाट उतरतात. मातबर अनवाणी पळत सुटला. दगड पायात घुसले, खाजऱ्या पानांनी पोटऱ्या पेटल्या, धोतराचा सोगा काट्यात अडकून टर्रकन फाटला. पहिला रस्ता ओलांडला. जीप पुढे गेली होती. दुसरा ओलांडला. धूळ अजून हवेत होती. "जोत! जोऽऽत!" आवाज दरीत जाऊन परत आला, जोतला काही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या वळणाच्या वरच्या बांधावर तो पोचला तेव्हा जीप खालच्या रस्त्याने येताना दिसली. पोरं दाटीवाटीने भरलेली, मागच्या पायरीवर दोघं लोंबकळणारी. रजनी पुढे, जोतच्या शेजारी.

बांधावरून उडी मारून समोर उभं राहायचं, हात पसरायचे, हे सगळ्यात सोपं होतं. पण मग जोत पूर्ण ताकदीने ब्रेक दाबणार. आणि त्या रबराला तेवढं सोसणार नव्हतं, हे जगात फक्त एकाच माणसाला माहीत होतं.

त्याने जीप वळणात हळू होऊ दिली, शेजारून पळाला आणि रजनीच्या बाजूच्या पायरीवर चढला. दाराची चौकट घट्ट धरली.

"पापा!" रजनी ओरडली.

"ब्रेक दाबू नको! जोत, ब्रेक नको! गिअर कमी कर!"

पण मुंडलेलं डोकं, चिंधी, रक्ताने भरलेले पाय, क्रियेतला माणूस गाडीला लटकलेला, हे बघून कुठला ड्रायव्हर ब्रेक दाबणार नाही? जोतचा पाय आपसूकच पेडलवर गेला. गाडी क्षणभर दबली, आणि पेडल सरळ तळाला जाऊन टेकलं.

"गेला!" जोत म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला. "मातबर भैजी, ब्रेक गेला!"

"पंप कर. भराभर पंप कर. दुसरा टाक. टाक म्हणतो ना!"

गिअर किंचाळत पडला. गाडीला हिसका बसला, मागची पोरं एकमेकांवर कोसळली आणि एकदम रडायला लागली. समोर चौथं वळण दिसत होतं. रस्ता संपत होता आणि पुढे नुसती हवा होती.

"पहिला टाक!"

"पडत नाही!"

"ॲक्सिलेटर दे, मग पडतो! हँडब्रेक मी ओढतो." मातबर रजनीच्या अंगावरून आत वाकला. हँडब्रेक दोन्ही हातांनी खेचला. तो अर्धाच लागला. "आता डोंगराला खेट! डावीकडे घे! नालीत घाल चाक!"

"गाडी फाटेल भैजी!"

"फाटू दे तिच्यायला! डोंगराला खेट!"

जोतने स्टिअरिंग तोडल्यासारखं फिरवलं. डाव्या बाजूचं चाक नालीत पडलं, पत्रा दगडावर घासत, ठिणग्या उडवत गेला. आरसा उडाला. पायरीवर उभ्या मातबरने अंग आत ओढून घेतलं तरी पाठ खडकावर सोलून निघाली. दहा हात गेले, वीस हात गेले आणि जीप एका बाजूला कलंडून, डोंगराला टेकून थांबली. वळण समोर चार पावलांवर होतं.

इंजिन बंद पडलं. मागे कुणीतरी आईला हाका मारत होतं.

मातबरने एकेकाला ओढून बाहेर काढलं आणि मोजलं. नऊ. एकाच्या कपाळाला खोक पडली होती, एकीच्या कोपराला लागलं होतं, बाकी सगळे धडधाकट. रजनीला त्याने छातीशी धरलं. नऊ दिवसांनी तो कुणाला तरी शिवत होता. 

पायवाटेने मामा, बोडा आणि पाचसात माणसं धापा टाकत पोचली. जोतसिंग रस्त्यात फतकल मारून बसला होता. त्याने सिलिंडरखाली ओघळलेलं ऑइल बघितलं, बोटाला लावून वास घेतला, आणि डोकं हलवलं.

"फौजींचं वय झालं होतं हो," तो हळूच म्हणाला. "हात थरथरायचा. शेवटी शेवटी राहून गेलं असेल त्यांच्याकडून." मग पोरांकडे वळला. "ए पोरांनो, गावात कुणी बोलायचं नाही हां. ब्रेक गेला, एवढंच सांगायचं. म्हाताऱ्याचं नाव नाही काढायचं कुणी."

"नाही, नाही," मामा घाईने म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "चाळीस वर्षांत एक चूक. देवसुद्धा माफ करतो. भावोजींना काही बोलायचं नाही."

बोडांनी मान खाली घातली. "एवढा कडक माणूस... म्हातारपण कुणाला सुटलंय."

सगळ्यांनी मिळून म्हाताऱ्याला माफ करून टाकलं. कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, सगळे चांगल्या मनानेच बोलत होते. आणि मातबरने फक्त गप्प राहायचं होतं. कुणी त्याच्याकडे संशयाने बघतसुद्धा नव्हतं, उलट पोरं वाचवणारा तोच होता. एक दिवस गेला असता, दोन गेले असते, गोष्ट मिटली असती. अंगणात आठवणी निघाल्या असत्या, आणि ब्रेकची गोष्ट आली की माणसं विषय बदलून भाकरीवर गेली असती.

"दादाजींनी केलं हे?" रजनीने विचारलं. तिचा आवाज फुटला. "दादाजींनी?"

"नाही," मातबर म्हणाला.

सगळ्यांनी वर बघितलं.

"बाबांनी हात लावला नव्हता या गाडीला. काम माझं होतं. नवं रबर नव्हतंच, मी जुनं घातलं. त्यांनी विचारलं तर खोटं बोललो. त्यांना कळलं. म्हणून किल्ली खिशात ठेवली त्यांनी, गाडी सोडायची नाही म्हणून. मामा, ती विसरलेली किल्ली नव्हती." तो थांबला, पण आता थांबून चालणार नव्हतं. "मी ओरडलो त्यांच्यावर. टाकून निघून गेलो. परत आलो तेव्हा ते नव्हते."

जोतसिंग उठला. चालत आला आणि मातबरच्या कानाखाली जाळ काढला. दुसऱ्यांदा हात उचलला, तो मध्येच राहिला, आणि मग जोतच रडायला लागला. "माझी पोरं आहेत रे ही सगळी," म्हणाला. "गावाची पोरं आहेत." मातबरने गाल धरलासुद्धा नाही.

 मामा दुसरीकडे बघत उभा राहिला.

रजनीने कंपासपेटी उचलली. तिचं झाकण चेपलं होतं. "दहाला पेपर आहे," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. खोक पडलेल्या मुलाला जोतने पाठीवर घेतलं आणि बाकीची पोरं त्याच्यामागून पायवाटेने पुलाकडे उतरायला लागली. रजनी चार पावलं गेली, थांबली, बापाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता. मग ती इतरांच्या मागे धावत गेली.

मातबर घरी आला तो सगळ्यांच्या मागून, एकटा. अंगणात त्याच्या आधी बातमी पोचली होती. माणसं उठून उभी राहिली, कुणी वाट दिली, कुणी तोंड फिरवलं. बोडा पुरोहिताला निरोप धाडायला सांगत होते. क्रिया मोडली, आता काय करायचं, पहिल्यापासून बसवायचं की प्रायश्चित्त द्यायचं. मातबर खालच्या खोलीत गेला. रेघेच्या आत जायची त्याची हिंमत झाली नाही. बाहेरच, सांडलेल्या तांदळांजवळ, भिंतीला टेकून बसला.

थोड्या वेळाने आई आली. सौणीदेवी. गळ्यातलं काळं मंगळसूत्र नव्हतं, त्या जागी मान उघडी दिसत होती. नऊ दिवस ती याच्यापासून दोन हात लांब बसत होती. आता ती सरळ त्याच्या शेजारी बसली आणि त्याची सोललेली पाठ पदराच्या ओल्या टोकाने पुसायला लागली.

"कुणी काय सांगितलं तुला?" मातबरने विचारलं.

"सगळ्यांनी सगळं सांगितलं."

"आई, मी..."

"थांब. आधी माझं ऐक." ती पुसता पुसता बोलत राहिली. "त्या दिवशी मी त्यांची भाकरी घेऊन खाली गेले होते. म्हटलं, जेवा. नाही म्हणाले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, मातबर माझ्याशी खोटं बोललाय. कशाबद्दल ते काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणाले, रागावून वर गेलाय. पण येईल. संध्याकाळपर्यंत स्वतःहून येऊन सांगेल, माझा पोरगा आहे. तो आला की दोघं मिळून जेवू. भाकरी झाकून ठेव, म्हणाले."

मातबर सांडलेले तांदूळ ओंजळीत गोळा करायला लागला.

"तीन वाजता परत गेले तर तसेच स्टुलावर बसलेले. वरच्या पायवाटेकडे बघत."

"नऊ दिवस तू का नाही बोललीस?"

"मीही वाट बघत होते," आई म्हणाली.

वर अंगणात पुरोहिताला आणायला कोण जाणार यावरून वाद चालला होता. आईने पदराचं टोक पिळलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता सांग," ती म्हणाली. "ते नाहीत, मला सांग. पहिल्यापासून सांग."

मातबरने रबरापासून सुरुवात केली.